टिळकवाडी, बेळगाव: सर स्वतः पांढरा पट्टा बांधतात तो कराटे वर्ग

पोराला कराटेला घालताना पालकांचा पहिला प्रश्न ठरलेला असतो: ब्लॅक बेल्ट किती वर्षांत? इथले सर तारीख सांगत नाहीत, शब्दाचा अर्थ सांगतात. काळ्या पट्ट्याची पहिली पायरी म्हणजे ‘शोदान’, आणि जपानीत त्याचा अर्थच सुरुवातीची पायरी. ते हे किती मनापासून मानतात, ते शनिवारच्या शेवटच्या अर्ध्या तासात दिसतं. तेव्हा ज्युदोचे प्रशिक्षक येतात आणि सर नवख्याचा पांढरा पट्टा बांधून मुलांच्या रांगेत शेवटी उभे राहतात.

त्या अर्ध्या तासात शिकायचं ते पडायला. हनुवटी छातीला, पाठ गोल, हात अंगापासून साधारण ४५ अंशांवर, तळव्यासकट जमिनीवर आपटायचा. हात मागे टेकून सावरायला गेलं की सगळा भार मनगटावर येतो आणि हाड मोडतं. सरांचाही हात सवयीने मागे जातो. चूक सगळ्यांसमोर दाखवली जाते, ते मान हलवतात आणि परत पडतात. दहा वर्षांच्या पोरांनी हे बघणं फार मोलाचं आहे.

एरवीच्या शिकवण्यातही हाच स्वभाव आहे. माए-गेरीत (समोरची लाथ) आधी गुडघा उचलायचा, बोटं मागे ओढून चवड्याने मारायचं आणि पाय तितक्याच वेगाने परत घ्यायचा. बोटं ओढली नाहीत तर तीच दुखावतात. पाय हवेत रेंगाळला तर समोरचा तो धरतो. आता आपल्याकडची खास अडचण: मराठीत मांडी म्हणजे गुडघ्याच्या वरचा भाग, कन्नडमध्ये ‘मंडी’ म्हणजे गुडघाच. अर्धी रांग एक ऐकते, अर्धी दुसरं. सर आता गुडघ्यावर हात ठेवून ‘गुडघा, मोणकालु’ असं दोन्ही म्हणतात. हा बदल त्यांना मुलांनीच सुचवला, आणि ते तसं सांगतातही.

झेनकुत्सु-दाचीत (पुढचा पाय वाकवून, मागचा सरळ ठेवून उभं राहणं) पुढचा गुडघा आत कलला की तिथेच थांबवतात, कारण वर्षानुवर्षं तसंच उभं राहिलं तर गुडघ्याची वाट लागते. सुरुवातीचे झटके देत ताणण्याचे जुने व्यायाम त्यांनी बंद केलेत. आधी हालचालीतून अंग गरम करायचं, स्थिर ताण शेवटी. ‘पूर्वी मी चुकीचं करून घेत होतो’ असं ते जुन्या विद्यार्थ्यांना सरळ सांगतात. आधुनिक कराटेचे जनक मानले जाणाऱ्या गिचिन फुनाकोशींनी (१८६८–१९५७) पहिल्या दोन कातांचा (ठरलेल्या हालचालींच्या मालिकांचा) क्रम बदलला, कारण आधीचा दुसरा काता नवख्यांना सोपा होता. आजचा २१ हालचालींचा पहिला काता, ‘हेइआन शोदान’, तोच. खुद्द फुनाकोशींनी शिकवण्याची मांडणी बदलली, मग आपल्याला लाज कसली, हे सरांचं म्हणणं आम्हाला पटतं.

उणिवाही आहेत. चटया २० मिलिमीटरच्या. कराटेला पुरतात, फेकीला नाही. म्हणून उभ्याने मागे पडू देत नाहीत, उकिडवं बसूनच पडायला लावतात. हे बरोबर आहे, पण ४० मिलिमीटरच्या चटया घ्यायलाच हव्यात. पावसाळ्यात फरशी ओलसर होऊन पाय सरकतो, आणि जाड सुती गणवेश तर बेळगावच्या पावसात दोन-दोन दिवस वाळत नाही. दुसरा जोड लागतोच. संध्याकाळची तुकडी फार मोठी आहे, मागच्या रांगेतल्या मुलाचा गुडघा सरांना दिसत नाही. सकाळची घ्या.

सहा महिन्यांत पदकं हवी असतील तर हा वर्ग तुमचा नाही. बाकीच्यांनी नाव घालण्याआधी शनिवारचा तो अर्धा तास एकदा बसून बघावा. सर बसू देतात.