गती आधी शिकवायची की ऊर्जा? दोन्ही क्रमांनी शिकवून झाल्यावर काय वाटतं ते

मुलांना फिजिक्सची सुरुवात करून द्यायची म्हटलं की पहिलं अडतं ते इथेच, सुरुवात कुठून करायची. एक रस्ता नेहमीचा: आधी गती, मग बल आणि न्यूटनचे नियम, मग कार्य (बल गुणिले अंतर), आणि सगळ्यात शेवटी ऊर्जा. दुसरा उलटा: आधी ऊर्जा, ती कुठून कुठे जाते आणि मोजायची कशी, आणि मग मागे वळून वेग, त्वरण, बल. मी दोन्ही करून पाहिलेत, वेगवेगळ्या वयाच्या पोरांबरोबर, आणि ज्यांना आत्ता ठरवायचंय त्यांच्यासाठी हे लिहितेय.

माझं उत्तर आधीच सांगते. पोरं दहा ते तेराच्या मधली असतील तर ऊर्जा आधी. चौदाच्या पुढची असतील आणि आलेख वाचता येत असेल तर गती आधी. आणि 'कार्य' हा शब्द कुठल्याच रस्त्यावर पहिला आणू नका, का ते खाली येईलच.

सगळ्या गोंधळाचं मूळ मला एका शब्दात दिसतं, 'जोर'. पोरं सगळ्यालाच जोर म्हणतात. कपाट ढकलताना लावतो तो जोर (हे बल), येणाऱ्या बॉलमध्ये असतो तो जोर (हा कधी संवेग, म्हणजे वस्तुमान गुणिले वेग, कधी गतिज ऊर्जा, म्हणजे गतीमुळे असलेली ऊर्जा), आणि 'तिच्यात जोर जास्त आहे, ती पटकन जिना चढते' यातला जोर म्हणजे शक्ती, पॉवर. चार वेगळ्या राशी एका शब्दात. आणि यात पोरांचा काही दोष नाहीये कारण मोठमोठ्या लोकांचाही हाच घोळ होता. जर्मन गणिती लाइबनिझने १६८६ मध्ये वस्तुमान गुणिले वेगाचा वर्ग ही राशी पुढे आणली, तिला पुढे 'जिवंत बल' म्हणायला लागले, आणि फ्रेंच तत्त्वज्ञ देकार्तचे अनुयायी वस्तुमान गुणिले वेग यावर अडून बसले, ते भांडण पन्नास वर्षांच्या वर चाललं. जर्मन शास्त्रज्ञ हेल्महोल्ट्झने १८४७ मध्ये ऊर्जेच्या अक्षय्यतेवर निबंध लिहिला तेव्हासुद्धा त्याने वापरलेला जर्मन शब्द होता 'क्राफ्ट', म्हणजे बल! त्यामुळे कुठलाही क्रम निवडलात तरी मी एकच बघते, की तो क्रम या 'जोर'चे तुकडे कसे पाडतो.

गती आधी: काय मिळतं

मोजता येण्यासारखी गोष्ट पहिल्या दिवशी हातात मिळते, हा याचा सगळ्यात मोठा फायदा. गॅलिलिओकडे नीट घड्याळ नव्हतं, पडणारी वस्तू मोजायला फार वेगात जाते, म्हणून त्याने उतार वापरला आणि पाण्याच्या घड्याळाने वेळ मोजली. तेच आपण मोबाईलवरच्या मेट्रोनोमने (ठराविक वेळाने ठोके देणारं ॲप) करू शकतो. साधारण पावणेदोन मीटर लांबीची खाच असलेली पट्टी घ्या, एका टोकाखाली पाचेक सेंटिमीटरचा आधार द्या, सेकंदाला एक ठोका लावा आणि ठोक्यावर गोटी सोडा. गोटी पुढच्या ठोक्यांना साधारण १०, ४०, ९०, १६० सेंमीवर सापडते. (खाच रुंद असेल तर गोटी खोल बसते आणि हळू जाते, मग टोक अजून थोडं उचलायचं.) आता एकूण अंतर सोडा, मधली अंतरं बघायला सांगा: १०, ३०, ५०, ७०. एकास तीनास पाचास सात. हे पोरांना स्वतःला दिसलं की वर्गात जो आवाज होतो ना तो मला अजून आवडतो. त्वरण म्हणजे काय हे मग वेगळं सांगावं लागत नाही, प्रत्येक सेकंदाला तेवढीच वाढ, बस.

पण हाच रस्ता बहुतेक ठिकाणी असा चालत नाही. अंतर आणि विस्थापन, चाल आणि वेग, सरासरी वेग, व्याख्या, एकक, मग तीन समीकरणं आणि मग त्यात आकडे टाकणं. बारा वर्षांच्या पोराला 'गोल फिरून परत आलास म्हणजे तुझं विस्थापन शून्य' हे सांगितलं की ते मान डोलावतं पण त्याला त्याचा उपयोग कळत नाही, आणि खरंच त्या टप्प्यावर फारसा उपयोग नसतोही. शिवाय न्यूटनचा पहिला नियम हा अनुभवाच्या अगदी विरुद्ध आहे. ढकलणं थांबवलं की वस्तू थांबते हे पोरांनी हजार वेळा पाहिलंय, आणि आपण म्हणतो की नाही, ती चालतच राहील. हे पटायला घर्षण हे एक बल आहे असं आधी दिसावं लागतं, नाहीतर नियम पाठ होतो आणि डोक्यातला जुना समज तसाच खाली बसून राहतो.

ऊर्जा आधी: काय मिळतं

इथे माझा आवडता प्रयोग एका कागदी कपाचा आहे. कप आडवा टेबलावर ठेवायचा, तोंड उताराकडे, उतारावरून गोटी सोडायची, गोटी कपात शिरते आणि कप सरकत जातो. किती सेंमी सरकला ते मोजायचं. गोटी दुप्पट उंचीवरून सोडली की कप जवळजवळ दुप्पट सरकतो, तिप्पट उंचीवरून तिप्पट. मुलांना समीकरण नको, त्वरण नको, फक्त पट्टी. आणि यात कार्य आपोआप दडलेलं आहे कारण कपाला घर्षणाविरुद्ध तेवढं अंतर जावं लागलं. फक्त गोटी तीच ठेवा, जड गोटी घेतली की धडकेत कपाकडे जाणारा वाटा बदलतो आणि साधं प्रमाण बिघडतं, मग पोरं गोंधळतात आणि आपणही. असाच विचार १७२० च्या दशकात नेदरलँड्समध्ये ख्राव्हसांडे या शास्त्रज्ञांनी केला होता, पितळी गोळे मऊ मातीत टाकून खड्डे बघितले, आणि वेग दुप्पट केला की खड्डा चौपट होतो हे दिसलं. एमिली द्यु शातले या फ्रेंच विदुषीने हा पुरावा फ्रान्समध्ये उचलून धरला. म्हणजे वेगाचा वर्ग खरंच येतो हे खड्ड्याने दाखवलं, नुसत्या कागदावरच्या गणिताने नाही.

दुसरा फायदा जास्त महत्त्वाचा वाटतो मला. फेकलेल्या बॉलमध्ये हाताचा जोर 'राहिलेला' असतो असं पोरांना वाटतं. गती आधी शिकवताना आपण हे चूक म्हणून खोडतो, हात सुटल्यावर हाताचं बल उरत नाही, बरोबरच आहे. पण पोराला बॉलमध्ये काहीतरी आहे असं जे जाणवतं ते खोटं नाहीये, काच फुटतेच की! त्या जाणिवेला नाव द्यायला आपल्याकडे काही नसतं कारण ऊर्जा अजून चार धडे लांब असते. ऊर्जा आधी शिकलेलं पोर सहज म्हणतं की बॉलमध्ये गतिज ऊर्जा आहे, बल नाही. 'जोर'चे तुकडे पडायला सुरुवात झाली.

तोटा? ऊर्जा हा शब्द जादूसारखा वापरला जातो. गाडी का चालते, ऊर्जेमुळे. दिवा का लागतो, ऊर्जेमुळे. आणि मग प्रकारांची यादी पाठ करायची, विद्युतचं प्रकाशात, रासायनिकचं उष्णतेत, बाण काढायचे आणि झालं. यात काहीच शिकणं नाहीये. ऊर्जा आधी शिकवणार असाल तर पहिल्या तासापासून आकडा हवा, नाहीतर हा रस्ता धरूच नका. १०० ग्रॅमची वस्तू एक मीटर उचलली की साधारण एक ज्यूल, इथून सुरू करा. मग ४० किलोचं पोर तीन मीटर उंच मजला चढलं तर जवळपास १२०० ज्यूल. दहा सेकंदात चढलं तर १२० वॉट, पाच सेकंदात चढलं तर २४०. ऊर्जा तीच, शक्ती दुप्पट, जिन्यावर पळवून दाखवता येतं आणि ऊर्जा आणि शक्ती यांतला फरक पुन्हा समजावून सांगायची वेळ माझ्यावर तरी आली नाही.

दुसरी अडचण अशी की ऊर्जा 'नाहीशी होत नाही' हे पोरं ऐकतात, पण उसळणारा बॉल शेवटी थांबतो हे त्यांना दिसतं. उष्णता झाली म्हणावं तर हाताला काही गरम लागत नाही. इथे नुसतं 'विश्वास ठेव' म्हणू नका, आकडा द्या: एक किलो पाणी एक मीटरवरून पडलं आणि सगळी ऊर्जा त्या पाण्यातच उष्णता झाली तरी तापमान वाढेल फक्त ०.००२३ अंश. बोटाला कसं कळणार! ज्यूलने १८४० च्या दशकात पाण्यात वल्हीसारखी चाकं फिरवून अशीच बारीक वाढ मोजली होती, त्याच्या थर्मामीटरची कमाल तेव्हा कळते.

कार्य पहिलं का नको

कारण हा शब्द बोलण्यातल्या 'काम' या अर्थाशी भांडतो. जड बॅग हातात धरून दहा मिनिटं उभं राहा, घाम येतो, आणि पुस्तक म्हणतं बॅगेवरचं कार्य शून्य. पोरांना हा अन्याय वाटतो. खरं उत्तर असं की बॅग हलली नाही म्हणून बॅगेला ऊर्जा मिळाली नाही, पण स्नायूंचे तंतू आत सतत आकसत राहतात, त्यात शरीराची ऊर्जा खर्च होते आणि तिची उष्णता होते. हे उत्तर द्यायला ऊर्जा आधी माहीत असावी लागते. बल गुणिले अंतर ही व्याख्या एकटी आली तर तो फक्त एक विचित्र नियम राहतो, पण 'कपाला किती ऊर्जा मिळाली' याचा हिशोब म्हणून आली तर ती अगदी सरळ वाटते.

कुठल्या प्रश्नाला कुठला रस्ता

गाडीचा वेग ४० वरून ८० किमी केला तर ब्रेक लावल्यावर थांबायला चौपट अंतर लागतं. ऊर्जेने दोन ओळीत येतं: ऊर्जा चौपट, घर्षण तेवढंच, म्हणून अंतर चौपट. गतीच्या समीकरणानेही येतं पण का ते दिसत नाही. पण 'थांबायला किती सेकंद लागले' असं विचारा, नुसती ऊर्जा गप्प बसते. दिशा विचारा, तरी गप्प. झोका तळाला किती वेगात असेल हे ऊर्जा सांगते, तिथे पोचायला किती वेळ लागला हे नाही. म्हणून जी पोरं पुढे फिजिक्स घेणारच आहेत त्यांना गती आणि बल यांना पर्याय नाही, आणि लहान वर्गात ऊर्जा आधी घेतली तरी ते नंतर नीट घ्यावंच लागतं.

एक सापळा दोन्हीकडे आहे. २० सेंमी उंचीवरून उतरलेल्या गोटीचा वेग सूत्राने काढला तर १.९८ मीटर प्रति सेकंद येतो, आणि माझ्या वर्गात मुलांनी मोजला तर १.७ च्या आसपास. मी म्हणाले घर्षण, आणि पुढे गेले. ते चूक होतं आणि मला नंतर वाईट वाटलं, कारण मुलांनी बरोबर मोजलं होतं. घरंगळणारी भरीव गोटी फिरतेही, आणि साध्या सपाट उतारावर तिच्या ऊर्जेचे सातातले दोन भाग फिरण्यात असतात, त्यामुळे वेग १.६७ च्या जवळच यायला हवा. प्रमाण बदलत नाही म्हणून कपाचा प्रयोग चालतो, पण सूत्राशी आकडा जुळवायला गेलात तर हे आधी माहीत असू द्या.

सिम्युलेशन, म्हणजे संगणकावरच्या आभासी प्रयोगांबद्दल थोडंच. कोलोरॅडो विद्यापीठाच्या फेट प्रकल्पाचं स्केट पार्क फुकट आहे, ब्राउझरवर चालतं, आणि घर्षण वाढवलं की उष्णतेचा बार वाढताना दिसतो, हे खऱ्या उतारावर दाखवता येत नाही. पण कपाच्या नंतर दाखवा. आधी दाखवलं तर पोरांना वाटतं की घर्षण नसलेलं जगच खरं आणि टेबल बिघडलेलं.

आणि मोठ्या मुलांच्या बाबतीत क्रमापेक्षा पद्धत जास्त भारी पडते असं मला वाटतं. रिचर्ड हेक या अमेरिकन फिजिक्स प्राध्यापकांनी १९९८ मध्ये अमेरिकेतल्या फिजिक्सच्या ६२ कोर्सेसचे, सहा हजारांवर विद्यार्थ्यांचे निकाल मांडले. जेवढी सुधारणा शक्य होती त्यातली नुसत्या लेक्चरच्या वर्गांत सरासरी ०.२३ (म्हणजे २३ टक्के) झाली, आणि जिथे मुलं बोलत होती, अंदाज बांधत होती, करून बघत होती तिथे ०.४८. म्हणून गती आधी घेणार असाल तर गोटी आणि मेट्रोनोमने घ्या, समीकरणांची घाई नको.

अजूनही ठरत नसेल तर पोरांना एक आलेख दाखवा, आडव्या अक्षावर वेळ, उभ्यावर अंतर, रेषा थोडी वर चढते आणि मग आडवी होते. विचारा की या माणसाचं काय चाललंय. 'टेकडी चढला आणि आता सपाटीवर चालतोय' असं बहुतेकांनी सांगितलं तर कप आणि गोटी घेऊन ऊर्जेपासून सुरू करा, आलेख नंतर येतील. 'चालत होता, आता थांबला' म्हणाले तर उतार लावा आणि मेट्रोनोम चालू करा.