डागडुजी की नवी घटना? 1787 मध्ये फिलाडेल्फियात मांडलेले दोन मसुदे

महासंघाची नियमावली बदलायची वेळ आली की सभेत हमखास दोन तट पडतात. एक म्हणतो, आहे त्यातली चार कलमं दुरुस्त करा. दुसरा म्हणतो, कोरा कागद घ्या. 1787 च्या उन्हाळ्यात अमेरिकेतल्या राज्यांच्या प्रतिनिधींपुढे हे दोन्ही पर्याय लेखी मसुद्यांच्या रूपात होते. सदस्य-संस्थांची शिखर संस्था चालवणाऱ्यांनी ते शेजारी-शेजारी ठेवून वाचावेत.

दुखणं काय होतं

जुनी घटना म्हणजे आर्टिकल्स ऑफ कॉन्फेडरेशन. नोव्हेंबर 1777 मध्ये मसुदा संमत झाला आणि तेराव्या राज्याची सही होऊन 1 मार्च 1781 ला तो लागू झाला. कलमं तेरा. त्यात कार्यकारी प्रमुख नाही, सर्वोच्च न्यायालय नाही, काँग्रेसला (राज्यांच्या प्रतिनिधींच्या मध्यवर्ती सभेला) कर लावायचा अधिकार नाही. खर्च राज्यांच्या वर्गणीतून भागवायचा. वाटणी जमिनी-इमारतींच्या किमतीनुसार, पण वसुली राज्यांनी आपापल्या कायद्याने करायची. वर्गणी थकवली तर काय, याला कागदावर उत्तरच नव्हतं.

मतदानाचा नियम बारकाईने पाहण्यासारखा आहे. दर राज्याला एक मत, पण त्यासाठी किमान दोन प्रतिनिधी हजर हवेत. एकटाच आला तर राज्याचं मत धरत नसत. दोघे आले आणि भांडले तर मत वाया. मोठ्या निर्णयांना नऊ मतं लागत, आणि ती हजर राज्यांपैकी नव्हे, एकूण तेरांपैकी. स्वातंत्र्ययुद्ध संपवणाऱ्या ब्रिटनशी तहावर 3 सप्टेंबर 1783 ला सह्या झाल्या, सहा महिन्यांत मंजुरीचे कागद पोचवायचे होते. काँग्रेस तेव्हा अॅनापोलिसला भरत होती, तिथे डिसेंबरभर नऊ राज्यांची हजेरीच भरेना. मंजुरी मिळाली 14 जानेवारी 1784 ला. कागद अटलांटिकपार मुदतीत पोचले नाहीत. ब्रिटिशांनी ताणून धरलं नाही म्हणून निभावलं.

तरी जुन्या घटनेला सरसकट टाकाऊ म्हणणं चूक. 1785 चा जमीन-मोजणीचा कायदा (640 एकरांचे 36 तुकडे, त्यातला सोळावा शाळेसाठी) आणि ओहायो नदीच्या उत्तरेला गुलामगिरी बंद करणारा 1787 चा कायदा त्याच काँग्रेसचे. राज्यांना स्वतःच्या खिशात हात घालावा लागत नव्हता, तिथे यंत्रणा बरी चालत होती.

दोन मसुदे

29 मे 1787 ला व्हर्जिनियाच्या रँडॉल्फने नव्या रचनेचा आराखडा मांडला, पुढे त्यावरूनच नवी घटना घडली. 15 जूनला न्यू जर्सीच्या पॅटरसनने डागडुजीचा. पॅटरसनचा मसुदा वाटतो तितका मवाळ नव्हता. आयात जकात, मुद्रांक शुल्क, व्यापाराचं नियमन, सर्वोच्च न्यायालय, काँग्रेसने निवडलेलं कार्यकारी मंडळ, सगळं त्यात होतं. संघाचे कायदे आणि तह राज्यांच्या न्यायाधीशांवर बंधनकारक, ही आजच्या अमेरिकी घटनेतली कळीची तरतूद मुळात याच मसुद्यातली.

फरक दोन ठिकाणी होता. पहिला, सभागृह एकच आणि दर राज्याला एक मत हे तसंच राहणार. नव्या घटनेच्या पहिल्या वाटपात व्हर्जिनियाला कनिष्ठ सभागृहाच्या 65 पैकी 10 जागा मिळाल्या, डेलावेअरला एक. यावरून मोठ्या राज्यांची चडफड कळेल.

दुसरा फरक मला जास्त महत्त्वाचा वाटतो. पॅटरसनच्या रचनेत जकात पुरली नाही तर उरलेली रक्कम पुन्हा राज्यांकडून वर्गणीनेच यायची, आणि आदेश न मानणाऱ्या राज्यावर संघाने सैन्य वापरायचं. म्हणजे वर्गणीसाठी लढाई! नव्या घटनेने राज्याला वाटेतून बाजूला काढलं. संघाचा कायदा थेट माणसावर. 4 जुलै 1789 ला जकातीचा कायदा झाला आणि त्याच महिन्याअखेर वसुलीची व्यवस्था लावणारा दुसरा. बंदरात माल उतरला की संघाचा अधिकारी व्यापाऱ्याकडून पैसे घेणार. राज्याच्या विधिमंडळाला विचारायचं कारणच नाही.

गुलामांची मोजणी मात्र दोन्हीकडे तीन-पंचमांश, म्हणजे लोकसंख्या मोजताना पाच गुलाम तीन माणसांइतके. डागडुजीच्या मसुद्यात ती फक्त वर्गणी ठरवायला होती. नव्या घटनेत तिच्यावर जागाही ठरल्या, त्यामुळे गुलाम बाळगणाऱ्या राज्यांना ते वाढीव राजकीय बळ झालं. शिवाय गुलामांच्या आयातीवर 1808 पर्यंत बंदी घालता येणार नाही, हेही पदरात पडलं. नवा कागद लिहायला बसलं की असे सौदे होतात, ही त्या पर्यायाची खरी किंमत.

मंजुरीचं गणित

वरवर पाहता डागडुजी सोपी. प्रत्यक्षात उलटं होतं. जुन्या घटनेत दुरुस्तीला तेराही विधिमंडळांची संमती लागे. 1781 च्या पाच टक्के आयात जकातीच्या ठरावाला ऱ्होड आयलंडने 1782 मध्ये नाही म्हटलं आणि तो बुडाला. 1783 चा सुधारित ठराव न्यूयॉर्कच्या अटींवर अडला आणि 1787 च्या फेब्रुवारीत तिथेच संपला. ऱ्होड आयलंडने तर फिलाडेल्फियाला प्रतिनिधीही पाठवले नव्हते. पॅटरसनचा मसुदा कितीही शहाणा असला तरी जुन्या नियमाने तो तिथेच आपटला असता. 19 जूनला तो 7 विरुद्ध 3 मतांनी मागे पडला. मेरीलंडचे प्रतिनिधी आपसात दुभंगले.

अधिकाराबद्दलची पॅटरसनची हरकत मात्र रास्त होती. काँग्रेसच्या 21 फेब्रुवारी 1787 च्या ठरावाने फिलाडेल्फियाचं अधिवेशन फक्त दुरुस्तीसाठी बोलावलं होतं. ती अडचण अधिवेशनाने अशी सोडवली: विधिमंडळांऐवजी दर राज्यात खास निवडलेली अधिवेशनं, नऊंची मंजुरी पुरेशी, आणि घटना लागू फक्त मंजुरी देणाऱ्यांना. बाहेर राहणाऱ्यावर सक्ती नाही. ही शेवटची अट गाळली असती तर सगळा प्रकार सरळसरळ दंडेली ठरला असता.

नववं राज्य न्यू हॅम्पशायर, 21 जून 1788. पण व्हर्जिनिया (89-79) आणि न्यूयॉर्क (30-27) आल्याशिवाय त्या नऊंना फारसा अर्थ नव्हता. मूलभूत हक्कांची यादी न घालणं ही मसुदाकारांची ढोबळ चूक, आणि ती जवळजवळ महागात पडली. मॅसॅच्युसेट्सने वाट काढली: आधी मंजुरी, सोबत दुरुस्त्यांची शिफारस. तरी निकाल 187-168. हक्कांच्या दहा दुरुस्त्या 15 डिसेंबर 1791 ला लागू झाल्या.

कोणी काय निवडावं

तुमच्या नियमावलीत दुरुस्तीला दोन-तृतीयांश किंवा तीन-चतुर्थांश मतं पुरत असतील तर डागडुजीच करा, फक्त उत्पन्नाचं कलम आधी घ्या. एकमताची अट असेल आणि एखाद्या सदस्याने दोनदा खोडा घातला असेल, तर तिसऱ्या दुरुस्तीवर वेळ घालवू नका. एकसंध संस्थेने स्वतःच शाखा काढल्या असतील तर हा पेच उद्भवतच नाही. बाबासाहेब आंबेडकरांनी 4 नोव्हेंबर 1948 ला घटना समितीत हाच मुद्दा मांडला होता: भारताचा संघ घटकराज्यांच्या करारातून झालेला नाही, म्हणून कुणाला फुटून निघायचा हक्कही नाही.

नवी घटना घ्यायची तर दोन गोष्टी विसरू नका. जुनी देणी नव्या संस्थेवर चालू राहतील हे लिहून ठेवा. अमेरिकेने सहाव्या कलमात ते लिहिलं. आणि हस्तांतराला मोकळा वेळ ठेवा. नव्या काँग्रेसची तारीख होती 4 मार्च 1789. कनिष्ठ सभागृहाचा कोरम भरला 1 एप्रिलला, सिनेटचा, म्हणजे वरिष्ठ सभागृहाचा, 6 ला. ऱ्होड आयलंड आलं 29 मे 1790 रोजी, 34 विरुद्ध 32 मतांनी, तेही त्याच्याशी व्यापार तोडायचं विधेयक सिनेटने संमत केल्यावर.