फायनल फँटसी १२: शहरात वानऐवजी कोण? दोन प्रकारच्या मॉडची तुलना

'द झोडिॲक एज' (फायनल फँटसी १२ ची सुधारित आवृत्ती) ज्यांनी पीसीवर मन लावून खेळलाय, त्यांना ही गोष्ट एकदा तरी खुपली असणार. बाहेर वाळवंटात किंवा जंगलात असताना डी-पॅड (कंट्रोलरवरची दिशांची बटणं) दाबायचा आणि सोबत्यांपैकी हवा तो लीडर, म्हणजे आपण ज्याला चालवतो तो, निवडायचा. पण शहराची वेस ओलांडली की बाकीचे सगळे गायब आणि आपण पुन्हा वान, म्हणजे खेळाचा नायक. २००६ च्या प्लेस्टेशन २ वरच्या मूळ खेळात हे असंच होतं आणि २०१८ मध्ये पीसीवर आलेल्या आवृत्तीतही तसंच राहिलं.

कुणी म्हणेल, एवढं काय त्यात? मला तरी फरक पडतो. एरुट हे वानच्या सोबत्यांपैकी फ्रानचं गाव. वर्षानुवर्षांनी ती तिथे परत येते, तिच्या बहिणी तिथे आहेत, आणि त्या झाडांवरच्या पायवाटांवरून फिरतोय कोण, तर वान. आर्केड्सचंही तेच. दुसरा सोबती बाल्थिअर ज्या शहराकडे पाठ फिरवून निघून गेला, तिथल्या गल्ल्या त्याच्याच पायांनी फिरायला मिळाव्यात असं वाटतंच. वानवर माझा राग नाही. राबनास्टरमध्ये तो हवाच, ते शहर त्याचं आहे. पण सगळीच शहरं त्याची नाहीत.

तर उपाय म्हणजे मॉड, खेळात बदल करणाऱ्या, चाहत्यांनी बनवलेल्या फाइल्स. ते दोन प्रकारचे आहेत. पहिला म्हणजे मॉडेल बदलणारा मॉड. यात वानच्या मॉडेलच्या, म्हणजे त्याच्या दिसण्याच्या, फाइल्सच्या जागी दुसऱ्या कुणाच्या तरी फाइल्स बसतात. खेळाच्या लेखी तो वानच असतो, दिसतो मात्र सोबत्यांपैकी बॅश किंवा फ्रान. दुसरा म्हणजे लीडर बदलणारा मॉड. खेळ चालू असताना मागे एक छोटी लुआ स्क्रिप्ट (लुआ भाषेत लिहिलेला छोटा प्रोग्राम) चालते आणि शहरातही तुम्ही निवडलेल्या माणसाला पुढे करते. लोडर, म्हणजे मॉड खेळात चढवणारा प्रोग्राम, दोन्हींना लागतो, पण हे वाचणाऱ्यांच्या मशीनवर तो बहुधा आधीपासूनच असेल.

आधी मॉडेलवाल्याची बाजू, कारण तिच्यात दम आहे. फाइल्स फोल्डरमध्ये टाकल्या की काम झालं. मागे काही चालत नाही, काही अडकत नाही. स्क्रिप्टचं तसं नाही. ती खेळाच्या मेमरीतल्या ठरावीक जागा पकडून काम करते, त्यामुळे खेळाला अपडेट आलं की त्या जागा हलतात आणि मॉड करणाऱ्याने नवी आवृत्ती काढेपर्यंत वाट बघावी लागते. हा तोटा खरा आहे. ज्यांना एकदा बसवून पुन्हा त्याकडे बघायचंच नाही, त्यांनी तो जरूर हिशेबात धरावा.

शिवाय ज्याला सुरुवातीपासून शेवटपर्यंत बॅशच नायक हवाय, त्याला मॉडेलवालाच बरा. मुळात एखादा वयाने मोठा नायक घ्यायचा विचार होता, हे निर्मात्यांनीच सांगितलेलं आहे. ती कल्पना डोळ्यांनी बघायची असेल तर एवढा सोपा रस्ता दुसरा नाही.

आता माझं घोडं जिथे अडलं ते सांगतो. मॉडेल बदललं की ते सगळीकडे बदलतं. शहरात फ्रान दिसावी म्हणून तुम्ही वानची फ्रान केलीत, की शहराबाहेर पाऊल टाकताच पार्टीत, म्हणजे सोबत लढणाऱ्या टोळीत, दोन फ्रान उभ्या. लढाईत हे फार त्रास देतं. मी दोघांना वेगवेगळे जॉब (लढाईतली भूमिका) दिले होते, गॅम्बिटही (लढाईत आपोआप काय करायचं याचे नियम) वेगळे लावले होते. समोर मोठा शत्रू, एकीचं रक्त संपत आलंय, आणि पडद्यावर बघून कळतच नाही की पडतेय ती खरी फ्रान की वान. नावासाठी खाली पट्टीकडे बघायचं, मग पुन्हा वर बघायचं, तोवर ती आडवी. गॅम्बिटवर सगळं सोपवणाऱ्यांना हे जाणवणार नाही कदाचित. मी मध्ये मध्ये हात घालणारा खेळाडू आहे, मला प्रत्येक लढाईत जाणवलं.

कटसीनमध्येही, म्हणजे कथेच्या दृश्यांतही, तेच. बहिणीशी बोलणारी फ्रान, आणि तिच्या मागे उभी असलेली दुसरी फ्रान. आधीच बनवून ठेवलेले व्हिडिओ मात्र बदलत नाहीत, त्यात अचानक वान हजर होतो. आवाज तर सगळीकडे वानचाच. ज्या प्रसंगासाठी एवढा खटाटोप केला, नेमका तोच प्रसंग बिघडतो.

माझी भाची सुट्टीत कोथरूडला आमच्याकडे राहायला येते, तेव्हा संध्याकाळी लॅपटॉप आम्हा दोघांत असतो. तिला राबनास्टरच्या मुथ्रू बाजारातून पेनेलोला फिरवायचं असतं. गर्दी, दुकानं, ओरडणारे विक्रेते, तुळशीबागच जणू, आणि पेनेलो तिथलीच मुलगी. मॉडेलवाला मॉड लावून दिला तेव्हा ती शहरात खूश होती. वाळवंटात गेल्यावर तिने विचारलं, "मामा, पेनेलो दोन का झाल्या?" आणि तिची पाळी संपून माझी आली की मला बाल्थिअर हवा. मग खेळ बंद करा, फाइल्स बदला, पुन्हा चालू करा, सेव्ह उघडा. आमचा लॅपटॉप जुना आहे, तेवढ्यात चहा होतो. लीडरवाल्या मॉडमध्ये तिने बटण दाबलं की पेनेलो, मी दाबलं की बाल्थिअर. खेळ थांबत नाही आणि पार्टीत प्रत्येकजण एकेकच राहतो.

लीडरवाल्यातही खोट आहे. दुकानदार, ओळखीपाळखीचे लोक वान समजूनच बोलतात. दुकानदार मिगेलो पेनेलोला "वान" म्हणून हाक मारतो तेव्हा थोडं विचित्र वाटतं. माझ्या मशीनवर कधी कधी नव्या भागात शिरल्यावर निवड परत वानवर जाते, मग पुन्हा बटण दाबावं लागतं. तुमच्याकडे कदाचित होणारही नाही. मला हे दोन फ्रानांपेक्षा कितीतरी सुसह्य वाटलं, पण वारंवार बटण दाबायचा ज्याला कंटाळा आहे त्याचं मत वेगळं असू शकतं.

हा मॉड घेतलात तर कोणाला कुठे फिरवायचं याचं थोडं तारतम्य ठेवा. राबनास्टरमध्ये मी राजकन्या अ‍ॅशला पुढे करत नाही. लोकांच्या लेखी राजकन्या मेलेली आहे, ती भर बाजारातून उघडपणे चालली तर गोष्टीलाच अर्थ राहत नाही. एरुटला फ्रान नक्की करून बघा. आर्केड्समध्ये बाल्थिअर पहिल्या भेटीत नको, कथा पुढे सरकल्यावर परत जाल तेव्हा.

आणि भुजेर्बाला (आकाशात तरंगणाऱ्या बेटावरच्या शहराला) पोचण्याआधी लीडर वान करून वेगळा सेव्ह ठेवा. तिथे वानला चौकाचौकांत ओरडत फिरायचं असतं की मीच कॅप्टन बॅश, मी जिवंत आहे. बॅशला फाशी दिल्याचं दोन वर्षांपूर्वी जाहीर झालेलं असतं, आणि एक पोरगा त्याचं नाव घेऊन शहर हलवतो, यातच त्या प्रसंगाची गंमत आहे. मॉडेलवाल्या मॉडने वानचा बॅश केला असेल तर तिथे खुद्द बॅशच वानच्या आवाजात ओरडत फिरताना दिसेल. लीडरवाल्यात हा प्रश्न येत नाही. बेटावर उतरायच्या आधी वान निवडायचा, ते काम उरकायचं, आणि मग पुन्हा ज्याला हवं त्याला पुढे करायचं.