शूलपाणीच्या झाडीत वाट शोधायला मोबाईल की माणसं?

भाच्याने विचारलं, मामा, नर्मदा परिक्रमेला निघतोय, ऑफलाइन मॅप पुरेल का गावकऱ्यांना विचारत जाऊ? हमरस्त्यावर काहीही चालतं, खरी परीक्षा शूलपाणीच्या झाडीत, म्हणजे नर्मदेकाठच्या डोंगराळ जंगलात.

खर्च म्हणाल तर दोन्ही जवळपास फुकटच, मॅपला फक्त पॉवरबँक लागते, आणि ती पाठीवर वाहावी लागते हे चौथ्या दिवशी कळतं.

भरवसा मात्र वेगळा. मॅपला आपली परिक्रमा माहीतच नाही, जवळचा रस्ता म्हणून सरळ पुलावरून पलीकडे नेतो, आणि नर्मदा मैया ओलांडली की परिक्रमा खंडित. शिवाय सरदार सरोवर धरणाच्या पाण्यात जुन्या वाटा बुडाल्यात, आता डोंगरातून कुठून जायचं ते तिथल्या पावरा-भिल्ल माणसालाच ठाऊक, रात्री मुक्काम कुठे होईल तेही तोच सांगतो. पण "हे काय, जवळच" म्हणाला की दोन तास धरायचे 😄 अंतराच्या बाबतीत मॅपच बरा. आणि दुपारी रानात विचारायला चिटपाखरूही नसतं तेव्हा आपण नेमके कुठे आहोत हे जीपीएसच सांगतं, त्याला नेटवर्क लागत नाही.

एकटा, पहिल्यांदा जाणार असशील तर माणसं विचारतच जा, मॅप नुसता बॅगेत ठेव. चार-पाच जणांचा ग्रुप, रजा मोजकी, रोजचे किलोमीटर ठरलेले, तर मॅप चालेल, फक्त नदी कायम उजव्या हाताला आहे ना ते बघत राहा.