कापडी गाळणी की काचेची कांडी?

जुन्या अमेरिकी व्हॅक्यूम कॉफीमेकरमध्ये एकावर एक दोन भांडी असतात; वाफेच्या दाबाने खालचे पाणी वरच्या भांड्यातल्या कॉफीच्या पुडीत चढते आणि आच बंद केल्यावर खाली पोकळी निर्माण होऊन कॉफी गाळली जात परत उतरते. कापडी गाळणीतून ती अतिशय नितळ येते. मात्र कापड लगेच धुऊन, स्वच्छ पाण्यात बुडवून फ्रिजमध्ये ठेवावे लागते, कारण वाळलेल्या कापडातले कॉफीचे तेल खवट होऊन तो वास पुढच्या कपात उतरतो. कापडाऐवजी वरच्या भांड्याच्या नळीच्या तोंडात बसवायची कोरी (Cory) कंपनीची काचेची कांडी नुसती विसळली तरी पुरते. तिच्यावरच्या बारीक उंचवट्यांमुळे राहिलेल्या फटीतून कॉफी झिरपते. फार बारीक पूड मात्र तिथे अडकते, म्हणून जरा जाडसर दळावी. रोजच्यासाठी मी कांडीच निवडेन. दोन भांड्यांमधले रबर कडक झाले असल्यास आधी ते बदलावे, नाहीतर वाफ निसटून पाणी वर चढतच नाही.