सात महिन्यांनंतर: यंत्र ठेवा, सोबत आलेलं कार्ड फेकून द्या

गेल्या महिन्यात एका रविवारी सकाळी चहा घेऊन बसलो, हँडहेल्ड, म्हणजे जुने व्हिडिओ गेम खेळायचा हातात मावणारा कन्सोल, चालू केला आणि पडदा काळाच राहिला. हिरवा दिवा लागत होता, बटण दाबून धरलं की विझत होता, म्हणजे यंत्रात जीव होता. त्यातलं गेमचं मेमरी कार्ड काढून लॅपटॉपला लावलं तर लॅपटॉप म्हणाला, हे कार्ड फॉरमॅट करा. पाच-साडेपाच महिन्यांचे सगळे सेव्ह, म्हणजे कुठला गेम कुठवर खेळलो त्या नोंदी, गेले. त्यात 'शांते' या गेमचा एक सेव्ह होता. रोज रात्री लोकलमधून ठाण्याला परतताना अर्धा-पाऊण तास खेळून मी त्यात शेवटच्या टप्प्याजवळ पोचलो होतो.

दुसऱ्या महिन्यात लिहिलेल्या परीक्षणात मी याच यंत्राला पाच तारे दिले होते. ते आधी मागे घेतो. मग थोडे परत देईन, पण यंत्राला, त्यासोबत आलेल्या मालाला नाही.

यंत्राबद्दल लवकर उरकतो, कारण स्पेसिफिकेशन तुम्हाला पाठ असतील. साडेतीन इंची, ६४० बाय ४८० पिक्सेलचा पडदा, एच७०० चिप, दोन कार्डांच्या खाचा. हाच साचा चार-पाच नावांनी मिळतो, त्यामुळे कंपनीचं नाव घेत बसत नाही. निन्टेंडोच्या गेमबॉय ॲडव्हान्सपर्यंतच्या जुन्या यंत्रांचं सगळं लोण्यासारखं चालतं, प्लेस्टेशन वनही उत्तम. पीएसपीचे (सोनीचा जुना हँडहेल्ड) हलके गेम चालतात, जड गेमच्या नादी लागू नका. बॅटरी मला पाच-साडेपाच तास पुरते. दिशेची बटणं या किमतीत इतकी चांगली मिळतील असं वाटलं नव्हतं. चौथ्या महिन्यापासून डावं एल-टू बटण चिकटतं, ही एक तक्रार. यंत्राबद्दल एवढंच.

आता कार्ड. ऑर्डर करताना दोन पर्याय होते: कार्डाशिवाय ५,४०० रुपये, आणि '६४ जीबी, १०,००० गेमसह' ६,३०० रुपये. मी दुसरा घेतला. आलेल्या कार्डावर कुठल्याच कंपनीचं नाव नव्हतं. आत फोल्डर उघडला तर एकच गेम पाच-सहा वेळा: जपानी, चिनी, अमेरिकी, युरोपी, वर दोन हॅक केलेले. नावांचं स्पेलिंग चुकलेलं. आमच्या लहानपणी '९९९९-इन-१'ची कॅसेट आणायचो आणि आत तेच आठ-दहा गेम फिरून फिरून निघायचे, अगदी तीच तऱ्हा. पण तेव्हा त्याचं काही वाटलं नाही. माझ्या हिशेबात ते सगळं वरकमाई होतं.

कार्ड उडाल्यावर विक्रेत्याशी जे झालं त्याने डोकं फिरलं. पहिलं उत्तर, कार्डाला वॉरंटी नसते. मी बिलाचा फोटो पाठवला, त्यात कार्ड स्पष्ट लिहिलेलं आहे. मग उत्तर आलं की वॉरंटी फक्त यंत्राला आहे, गेम 'भेट' म्हणून दिले होते. चार दिवस हेच चालू. शेवटी त्याने तोडगा काढला: ८०० रुपये पाठवा, १५,००० गेमवालं नवीन कार्ड देतो.

तिथे मी हिशेब मांडायला बसलो. कार्डासह आणि कार्डाशिवाय यांत फरक ९०० रुपयांचा. बिननावाचं कार्ड २५० रुपयांचं धरू. उरले ६५०. हे ६५० कशाचे? गेमचेच. म्हणजे मला जे फुकट वाटत होतं त्याचे मी पैसे मोजले होते. फक्त ते गेम बनवणाऱ्या एकाही माणसाला त्यातला रुपया गेला नाही. सगळे गेले त्या विक्रेत्याला. त्याने एक ओळसुद्धा लिहिलेली नाही, एक चित्र काढलेलं नाही, आणि कार्ड बिघडल्यावर तो हात वर करतो.

हा हिशेब मांडताना दुसरा एक हिशेब वर आला. २००८ साली मी पीएसपी घेतला होता. मुंबईत लॅमिंग्टन रोडच्या इलेक्ट्रॉनिक्स बाजारात एका दुकानातला मुलगा तो 'करून' द्यायचा. त्याच्याकडे एक खास बॅटरी होती; ती घातली की पीएसपी दुरुस्तीच्या मोडमध्ये सुरू व्हायचा आणि त्यावर कस्टम फर्मवेअर, म्हणजे चोरीचे गेमही चालवू देणारं बदललेलं सॉफ्टवेअर, चढायचं. त्याचे ५०० रुपये. पुढे दहा गेमचे ३०० रुपये, मेमरी स्टिकवर टाकून. दोन वर्षांत मी तिथे पंधरा फेऱ्या तरी मारल्या असतील. सगळे मिळून पाच हजार झाले. तेवढ्या पैशांत स्वस्तातल्या चार-पाच यूएमडी, म्हणजे पीएसपीच्या गेमच्या डिस्क, सहज आल्या असत्या. मी एकही घेतली नाही. 'आपल्याकडे गेम परवडत नाहीत' असं मी तेव्हा सगळ्यांना सांगायचो. ते खरं नव्हतं. पैसे होते आणि मी ते दिलेही, फक्त मधल्या माणसाला.

त्या ढिगात २०१०च्या सुमारास 'स्ट्रीट क्रिकेट चॅम्पियन्स' होता. गल्ली क्रिकेट, अगदी आपल्या डोळ्यांसमोरचं. तो गेम मुंबईच्याच ट्राइन या स्टुडिओने बनवलेला आहे हे मला आत्ता, या भानगडीनंतर, शोधताना कळलं. मुंबईत बनलेला पीएसपीचा गेम मी मुंबईतच तीस रुपयांना दुकानदाराकडून भरून घेतला. पीएसपीसाठी आपल्याकडे असे गेम हाताच्या बोटांवर मोजण्याइतकेच झाले. सगळा दोष पायरसीचा, असं मी म्हणणार नाही, पण पुढचा गेम करायचा की नाही हे विक्रीच्या आकड्यावर ठरतं. मी आणि माझे मित्र तो गेम आठवडाभर खेळलो आणि आमच्यातल्या एकाचीही नोंद त्या आकड्यात झाली नाही.

हे फक्त आपल्याकडचंच नव्हतं. २००९ मध्ये सोनीच्या अमेरिकेतल्या एका वरिष्ठ अधिकाऱ्याने जाहीर मुलाखतीत सांगितलं होतं की पीएसपीच्या गेमविक्रीचा मोठा लचका पायरसीने तोडला. यंत्रं खपत होती, गेम त्या प्रमाणात खपत नव्हते. निन्टेंडोचा डीएस हा हँडहेल्ड असलेल्या मित्रांकडे आर-फोर कार्ड असायचं; त्यात चोरीचे गेम भरून डीएसवर खेळता यायचे. जपानमध्ये निन्टेंडो आणि ५४ गेम कंपन्या त्याविरुद्ध कोर्टात गेल्या आणि २००९ मध्ये टोकियोच्या न्यायालयाने त्याच्या विक्रीवर बंदी आणली. आज मला मिळालेलं कार्ड त्याच आर-फोरचा वंशज आहे. तेव्हा गेम निदान आपल्याला शोधून टाकावे लागायचे, आता तेही कष्ट विक्रेता घेतो.

मात्र उद्योगाचे सगळे आकडे मी डोळे झाकून मानत नाही. २०१० मध्ये जपानच्या सीईएसए या गेम उद्योगसंघटनेने २००४ ते २००९ या काळात डीएस आणि पीएसपीवरच्या पायरसीमुळे जगभर सुमारे ३.८ लाख कोटी येन बुडाले असं मांडलं. त्यामागचा हिशेब मुळात डाउनलोडची संख्या गुणिले गेमची किंमत असा होता. हे पटत नाही. माझ्या मेमरी स्टिकवर एकूण दीडशे गेम येऊन गेले असतील. त्यातले वीस मी उघडले आणि मनापासून खेळलो पाच-सहा. दीडशे गेम मी कधीच विकत घेतले नसते. पण ते पाच-सहा घेतले असते, निदान घेऊ शकलो असतो. खरं नुकसान त्या पाच-सहांचं आहे, आणि मोठ्या कंपनीपेक्षा लहान स्टुडिओला ते जास्त लागतं. दहा-बारा जणांच्या स्टुडिओचा पगार काही हजार प्रतींवर चालत असतो.

इथे माझं मत मध्येच बदललं, तेही लिहितो. चिडून आधी मी ठरवलं होतं की जुने गेम अशा यंत्रावर खेळणंच चूक. मग 'व्हिडिओ गेम हिस्टरी फाउंडेशन'चा २०२३चा अभ्यास वाचला: अमेरिकेत २०१०पूर्वी निघालेल्या गेमपैकी ८७ टक्के आज सरळ मार्गाने विकतच मिळत नाहीत. ज्या गेमला आज कुणी विकायलाच तयार नाही, तो खेळणाऱ्याला चोर म्हणायला माझी जीभ रेटत नाही. ते गेम कुणीतरी जपून ठेवले म्हणून उरले आहेत.

पण मग 'शांते' शोधला. मला वाटलं होतं, २००२चा गेमबॉय कलरचा गेम, कोण विकतंय आता. तो आला तेव्हा गेमबॉय ॲडव्हान्स बाजारात येऊन वर्ष झालं होतं, त्यामुळे गेम चांगला असूनही फारसा खपला नाही. बनवणाऱ्या वेफॉरवर्डने मात्र त्याला सोडलं नाही. पुढचे भाग काढले, २०२०मध्ये मूळ गेमची गेमबॉय कलरसाठी नव्याने कॅसेट निघाली आणि २०२१मध्ये तो निन्टेंडोच्या स्विच या आजच्या कन्सोलवर आला. म्हणजे ज्या गेमवर मी पाच महिने जीव टाकला, तो बनवणारे आजही आहेत, आजही विकतात, आणि मी त्यांना काही दिलेलं नव्हतं. 'जुना आहे म्हणजे बेवारस आहे' हे मी तपासलंच नव्हतं. दहा हजारांच्या ढिगात एकेका गेमचं नाव कोण तपासणार? ढीग तपासला जाऊ नये एवढा मोठा असतो, आणि त्यावरच हा धंदा चालतो.

हा धंदा केवढा आहे? २०२४ मध्ये इटलीत तुरिनला आर्थिक गुन्ह्यांच्या पोलिसांनी जुन्या धाटणीचे सुमारे १२,००० कन्सोल पकडले. आत भरलेल्या चोरट्या गेमप्रतींची संख्या ४ कोटी ७० लाख निघाली.

आणखी एक गोष्ट फार कमी जणांना माहीत असते. हे विक्रेते फक्त गेमवाल्यांनाच लुबाडत नाहीत. यंत्रात जे इम्युलेटर, म्हणजे जुन्या यंत्राची नक्कल करून त्याचे गेम चालवणारे प्रोग्रॅम, असतात ते लोकांनी वर्षानुवर्षं, पगाराशिवाय लिहिलेत. 'स्नेस-नाइन-एक्स' या इम्युलेटरच्या परवान्यात तर स्पष्ट लिहिलं आहे की व्यावसायिक वापर करायचा नाही. तरी तो अशा खोक्यांत भरून विकला जातो. इम्युलेटर वापरणं आणि पायरसी या वेगळ्या गोष्टी आहेत. स्वतः विकत घेतलेल्या कॅसेटमधला गेम त्यावर खेळलात तर त्यात कुणाचं नुकसान नाही.

माझी भाची पुण्यात गेम डिझाइन शिकते. दिवाळीत ती घरी आली तेव्हा कौतुकाने यंत्र हातात दिलं होतं. दोन मिनिटं चाळून तिने परत दिलं. "मामा, या गेमच्या पहिल्या पडद्यावरची नावं खोडलीयत. हा गेम कोणी केला, कुठल्या साली, काहीच नाही." मी तेव्हा विषय बदलला होता. कार्ड उडाल्यावर तिला फोन करून सगळं सांगितलं. ती रागावली नाही, तिने मला 'राजी'बद्दल सांगितलं. पुण्याच्या नॉडिंग हेड्स गेम्सचा हा गेम. लोकवर्गणीची मोहीम फसली, तरी त्यांनी काम सोडलं नाही. संस्थापकांपैकी एकीने त्यासाठी स्वतःचा फ्लॅट विकला. ऑगस्ट २०२०मध्ये गेम आला तो आधी स्विचवर. आणि स्विच आपल्याकडे निन्टेंडो कंपनी अधिकृतपणे विकतच नाही, तिच्या ऑनलाइन दुकानात भारत हा देशच निवडता येत नाही. पुण्यात बनलेला गेम पुण्यातल्या माणसाला सरळ मार्गाने घ्यायचा तर तेव्हा पीसीवर येईपर्यंत दोन महिने थांबावं लागलं. हा दोष मात्र ग्राहकाचा नाही. विकत घ्यायचा रस्ताच बंद ठेवला तर माणूस लॅमिंग्टन रोडच शोधणार. गेमवाल्यांची बाजू घेताना मला हेही तितक्याच जोरात सांगायचं आहे.

'राजी' मी स्टीम या पीसी गेमच्या ऑनलाइन दुकानात घेतला. पूर्ण किमतीला, सेलची वाट न बघता.

आता यंत्र कसं वापरतो ते सांगतो. ते ८०० रुपये पाठवले नाहीत. ओळखीच्या कंपनीचं ६४ जीबी कार्ड दुकानातून बिल घेऊन ५५० रुपयांत आणलं. एफ-थ्री या फुकट प्रोग्रॅमने आधी ते खरंच ६४चं आहे का ते तपासलं. जुन्या कार्डाची तशीच परीक्षा घेतली असती तर ते खरं की नकली हे पहिल्याच दिवशी कळलं असतं. त्यावर मूओएस हे अशा यंत्रांसाठीचं मोफत सॉफ्टवेअर टाकलं. मूळ सॉफ्टवेअरपेक्षा लवकर सुरू होतं आणि झोपवलं की फारशी बॅटरी खात नाही. गेम दुसऱ्या खाचेतल्या वेगळ्या कार्डावर, आणि सेव्हचा फोल्डर दर रविवारी लॅपटॉपवर कॉपी. हे न चुकता करा.

गेम किती? एकोणीस. काही माझ्याच जुन्या कॅसेटमधले, यूएसबीला लावायचं एक छोटं यंत्र आणून काढून घेतलेले. बाकीचे 'इच डॉट आयओ' या, लहान निर्माते आपले गेम विकतात त्या साइटवरून घेतलेले, आजची माणसं गेमबॉयसाठी आजही नवे गेम बनवतात ते. दोनशे-चारशे रुपयांत मिळतात, फाइल थेट आपल्या हातात येते, आणि बरेचसे जीबी स्टुडिओ या मोफत साधनात केलेले असतात. दहा हजारांतून मी तीन मिनिटांत गेम बदलायचो, आता एकोणिसांतले पाच पूर्ण केलेत. भाचीने कॉलेजसाठी जीबी स्टुडिओत केलेला चार पडद्यांचा गेमही यात आहे, आणि तो इथे तिच्या लॅपटॉपपेक्षा छान दिसतो.

तारे: यंत्राला चार. कार्डासकटच्या खोक्याला एकही नाही. घेणार असाल तर कार्डाशिवायचा पर्यायच निवडा, तो पानाच्या तळाशी लपवलेला असतो.

एल-टू बटणाखालची रबरी चकती ठाण्यात किंवा दादरला कुणी बदलून देत असेल तर सांगा. स्वतः उघडून पाहिलं, पण मागचा एक स्क्रू झिजला आहे.