पाप टाळणं की नंतर कुमसार (फादरांपुढे पापांची कबुली)?

टाळणं स्वस्त पडतं, पण ते प्रसंगाच्या आधीच करावं लागतं. दारू सुटत नसेल तर पगाराच्या दिवशी ठाणे स्टेशनहून बारची गल्ली सोडून थेट टीएमटीची बस पकडायची; ग्लास समोर आल्यावर निश्चय टिकत नाही.

कॅथलिक कुमसाराला 5 गोष्टी लागतात: आत्मपरीक्षण, पश्चात्ताप, पुन्हा न करण्याचा निर्धार, फादरांपुढे कबुली आणि दिलेलं प्रायश्चित्त. घोडं बहुधा तिसऱ्यावर अडतं. गंभीर पापं प्रकार आणि संख्येसह सांगायची. ‘जरा चुकलं’ एवढं पुरत नाही. ‘नंतर सांगू’ म्हणत आधीच बेत आखला, तर पश्चात्ताप कसला? चोरीचे पैसे तर क्षमेनंतरही परत करावेच लागतात. मात्र पापात पडलात तर लगेच कुमसाराला जा. वर्षातून एकदा ही किमान अट आहे, वेळापत्रक नव्हे.